ज्वारीच्या अक्षता

नदी माणसाला नम्र करते.

हे वाक्य माझंच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सरपंचांच्या एका भाषणासाठी मी ते लिहून दिलं होतं आणि लिहिताना मला ते खरंही वाटलं होतं. सगळं आयुष्य कृष्णेच्या काठावर गेलं, पण नदीने नम्र केलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. पूर ओसरला की गावात जो तो आपल्या भिंतीवरची पाण्याची रेघ शेजाऱ्याच्या रेघेपेक्षा वीतभर वर होती, हे पटवून देण्यात गुंतलेला असतो.

यंदाचा ज्येष्ठ लागला तसा तालुक्याहून मोबाईलवर नेहमीचा तक्ता आला. पूरपूर्वतयारी. दोर किती, जाकिटं किती, बॅटऱ्या किती. शेवटून दुसरा रकाना असा : ‘बोट चालू स्थितीत आहे काय? होय किंवा नाही.’ हा तक्ता मी भरतो, कारण मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. बोटीबरोबर तिच्या इंजिनाचं एक इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं, चांगलं पुठ्ठा बांधणीचं. आमच्या गावात बांधणी केलेलं जे काही येतं ते वाचनालयात येतं, आणि त्या पुस्तकामागोमाग बोटही आली. दाखल करताना मी ते ‘संकीर्ण’ विभागात घातलं. तिथे ते लोणच्यांचे शंभर प्रकार आणि एका संतचरित्राच्या मधे उभं आहे. आजवर ते दोनच माणसांनी हाताळलं. त्यातला एक मी.

‘होय’ लिहिण्याआधी मी दरवर्षी एकदा घाटावर जाऊन येतो. यंदाही गेलो.

ज्येष्ठातला आमचा नदीकाठ म्हणजे मोटारी वर काढायचा हंगाम. वर्षभर पाण्याशी बसलेल्या शेतीपंपांच्या मोटारी पूर यायच्या आत उंचावर आणाव्या लागतात. मग दिवसभर काठावर ट्रॅक्टर घरघरतात, साखळ्या ताणल्या जातात, ‘ढील दे रं, ढील!’ असं कोणीतरी ओरडतं आणि ज्याला ढील द्यायची तो नेमका ताण देतो. चिखल लागलेल्या मोटारी चिंचेखाली रांगेने मांडून ठेवलेल्या असतात. जळक्या वाइंडिंगचा वास, ग्रीसचा वास, पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या शेवाळाचा वास. पाऊस अजून कोकणात. पश्चिमेला ढग येऊन डोंगरावर नुसते उभे राहतात, मांडवाबाहेर चपला काढत रेंगाळलेल्या पाहुण्यांसारखे.

या वासांमध्ये माझ्यासाठी आणखी एक वास असतो. रॉकेलमध्ये भिजत घातलेल्या नटबोल्टांचा, आणि त्यात मिसळलेला वाळक्या हळदीचा. यंदा काठावर कोणी रॉकेलचा डबा उघडलेला नव्हता. तरी तो आला.

माझी थोरली भावजय, सुमनवहिनी. भाऊ लवकर गेला, त्यानंतर घर तिनेच चालवलं, आणि मलाही. पुढे तिच्या किडन्या थकल्या आणि आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिस सुरू झालं, मंगळवारी आणि शुक्रवारी. तिचे उपासाचे वारही तेच होते. ती म्हणायची, “देवी लय हुशार. आधी नुसता उपास घेत हुती, आता रगात बी गाळून घेती.”

पावसाळ्यात आमचं गाव काही दिवस बेट होतं. एकीकडे ओढा चढून आष्ट्याचा रस्ता बुडतो, दुसरीकडे नदीवरचा जुना पूल. अशाच एका वर्षी वहिनीचा शुक्रवार चुकला. सोमवारपर्यंत तिचा चेहरा सुजून ओळखू येईना आणि चार पावलं चालली की धाप लागू लागली. मंगळवारी गावाने तिला काहिलीत बसवून पलीकडे नेलं. काहील म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवायची लोखंडी कढई, माणूस आडवा झोपेल एवढी. कडेला चार पोहणारे, मध्ये पालथ्या बादलीवर वहिनी, मांडीवर दवाखान्याची फाईल. काहिलीला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते, त्यामुळे प्रवाहात ती स्वतःभोवती फिरत जाते. वहिनी काही वेळ सांगलीकडे, काही वेळ गावाकडे तोंड करत पलीकडे पोचली. नंतर हे सांगताना ती खूप हसायची. “खालनं जरा जाळ घातला असता तर माजी ढेप पडली असती.”

ती हसायची, पण पुढच्या पावसाळ्याचं काय, हा प्रश्न तिनेही विचारला नाही आणि आम्हीही नाही. एक शुक्रवार चुकला तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन चुकले तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

काहिलीची गोष्ट गावच्या एका जावयाच्या कानावर गेली. हे गृहस्थ विट्याकडचे, आणि त्या भागातल्या अनेकांसारखे गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्यात, तेही थेट कोचीनला. त्यांचं मन हेलावलं. सासरवाडीला एक बोट द्यायची असं त्यांनी ठरवलं आणि तिकडे कोणीतरी मोडीत काढत होता ती विकत घेऊन ट्रकवर चढवली. ती शिडाची बोट होती. हौशी लोक समुद्रावर वारा खात फिरायला वापरतात तसली, पांढरी, निमुळती, पोटाखाली माशाच्या परासारखं उभं लोखंडी पातं असलेली. शिडासाठी एक उंच ॲल्युमिनियमची काठी. आणि वारा पडला तर बंदरात परत यायला एक लहानसं डिझेल इंजिन.

आमच्या नदीवर वारा नेहमी भलत्याच बाजूचा असतो आणि घाटावरून विजेच्या तारा जातात. पहिल्याच बैठकीत काठी उतरवण्याचा ठराव झाला. ती ग्रामपंचायतीसमोर झेंड्यासाठी रोवली. शीड सोसायटीच्या गोदामात खताच्या पोत्यांवर पसरलं, आणि तिथे ते आजही उत्तम काम देतं आहे. शिडाच्या बोटीतून अशा रीतीने शीड आणि काठी वजा झाली. उरलं ते इंजिन, आणि त्याला ताब्यात ठेवणारा एक दांडा.

बोट चालवायला माणूस शोधायची वेळ आली नाही. आमच्या गावात घरटी एक फौजी, पण नौदलात गेलेला एकटाच, आनंदा. गावाने त्याला इतर सगळ्यांप्रमाणे मेजर करून टाकलेलं होतं. पंधरा वर्षं जहाजावर काढलेला माणूस, म्हणून बोट आपोआप त्याच्याकडे आली. जहाजावर तो भटारखान्यात होता, ही गोष्ट कोणी विचारली नाही आणि त्यानेही सांगितली नाही.

अक्षय्य तृतीयेला लोकार्पण झालं. नाव सांगण्यात अर्थ नाही असे एक मोठे पुढारी आले. बोट घाटाला डोहात बांधलेली होती, इंजिन आधीच सुरू करून ठेवलेलं, म्हणजे साहेबांना थांबावं लागू नये. पूजा कशाची करायची हा प्रश्न निघाला. इंजिन खाली, झाकणाआड. तिथे साहेब वाकणार नाहीत. चालवणाऱ्याच्या जागेपाशी एक काळं खोकं होतं आणि त्यातून वर आलेला एक चकचकीत दांडा, टोकाला गोल मूठ. हार घालायला ती मूठ इतकी सोयीची होती की दुसरा विचार कोणाला सुचलाच नाही. खोक्यावर हळद-कुंकू वाहिलं, नारळाचं पाणी ओतलं, मुठीत हार घातला, आणि साहेबांनी मूठभर अक्षता टाकल्या. छायाचित्रकाराला नीट मिळालं नाही म्हणून परत टाकल्या. तिसऱ्यांदा टाकल्या तेव्हा मिळालं.

मग भाषणासाठी इंजिन बंद करायचं ठरलं. मेजरने किल्ली फिरवली. इंजिन चालूच. त्याने किल्ली काढून खिशात घातली. इंजिन चालूच. साहेबांनी मंद स्मित केलं, आणि ते स्मित कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. सरपंच भाषणाला उभे राहिले. माझं वाक्य त्यांनी म्हटलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले. पण नदीने माणसाला काय केलं ते त्या धडधडाटात कोणालाच ऐकू गेलं नाही.

“मेजर, बंद करा की ओ!”

“बंदच केलंय! त्ये ऐकंना!”

गर्दीतून एक माणूस पुढे आला, चपला काढून बोटीत उतरला, झाकण उचलून आत हात घातला आणि इंजिनावरचा एक लहानसा कान बोटाने दाबून धरला. इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं. टाळ्या पडल्या. साहेबांना वाटलं भाषणाला पडल्या, तेही वाजवू लागले.

हा माणूस म्हणजे आष्ट्याचा दस्तगीर मिस्त्री, दस्तगीर शिकलगार. बाप-आजे धारेचं काम करत. हा डिझेल पंपांचा डॉक्टर. किल्लीने डिझेल इंजिन बंद होत नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं, हे त्या दिवशी घाटावर फक्त त्याला माहीत होतं. मेजरला नंतर मी विचारलं तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, “अण्णा, जहाजाचं इंजिन बंद करायचं काम माज्याकडं नव्हतं. माज्याकडं पातेली.”

बोट कारखान्याच्या क्रेनने उचलून उसाच्या ट्रॉलीवर ठेवली, दोन्ही बाजूंनी वाळूची पोती लावली आणि ट्रॉली चिंचेखाली उभी केली. महिनाभर ती तशीच उभी होती. ज्येष्ठ लागल्यावरचे तीन आठवडे म्हणजे मी ज्या हंगामाबद्दल लिहितो आहे तो हंगाम.

दस्तगीर सकाळी आष्ट्याहून मोटारसायकलवर येई. आधी दोन-चार जणांच्या मोटारी बघे, मग ट्रॉलीवर चढे. मी वाचनालयाला कुलूप लावून माहितीपुस्तक घेऊन जाई. शिडीवर बसून वाचायचं आणि मराठीत सांगायचं हे माझं काम. पुस्तकात निळ्या पाण्यावर पांढऱ्या विजारी घातलेल्या माणसांची चित्रं होती. दस्तगीर ती निरखून बघे.

“हे कोण, अण्णा?”

“मालक असावेत.”

“हातं लय स्वच्छ हायती. मंजी ह्यांचा मिस्त्री येगळा.”

खोक्यावरच्या त्या दांड्याचं काम सरळ होतं. पुढे ढकलला की बोट पुढे. आणखी ढकलला की जोरात. मागे ओढला की मागे. मधोमध उभा केला की इंजिन चालू, पण पाण्यातला पंखा थांबलेला. यालाच न्यूट्रल म्हणायचं. दांड्यापासून एक तार गिअरला जात होती, दुसरी डिझेलच्या पंपाला. बंद करायची तार वेगळी, तिची मूठ वेगळी. समुद्राच्या मिठाने तिन्ही तारा आपापल्या नळीत गंजून बसल्या होत्या. पुस्तकात लिहिलं होतं की दरवर्षी हलकंसं वंगण द्यावं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा दस्तगीरने हातातला गंजका तुकडा वर धरला. “हे त्यांनी त्या मालकाला सांगाय पायजे हुतं.”

बंद करायच्या तारेला मोटारसायकलची क्लचवायर चालली. तिला फक्त ओढायचं असतं. डिझेलच्या तारेलाही चालली, परत जायला एक स्प्रिंग जोडली. हुरूप आला म्हणून गिअरलाही तीच घातली, आणि तिथे फसली. क्लचवायर ओढते, ढकलत नाही. ढकलायला गेलं की पोटात वाकून बसते. बोट पुढे जाईल, पण परत न्यूट्रलला यायची नाही. दस्तगीर कपाळाला हात लावून बसला. दोन दिवसांनी कराडजवळ मलकापूरहून एक जाड केबल घेऊन आला. खडी टाकणाऱ्या टिपरचा मागचा डबा उचलायला लागते ती, ओढणारी आणि ढकलणारीही. हायवेच्या कडेच्या दुकानदाराने विचारलं होतं, कुठल्या टिपरला? दस्तगीर म्हणाला होता, कृष्णामाईतल्या.

हे सगळं होत असताना खोक्यावरचं हळद-कुंकू तसंच होतं. नारळाच्या पाण्याने त्याचा थर बसून उन्हात कडक झाला होता. मुठीवरचा हार सुकून नुसता दोरा उरला होता. दस्तगीर रोज काम संपलं की खोक्यावर एक प्लास्टिकची पिशवी बांधून जाई. खालून केबल जोडताना दोन बोटांनी, अंग चोरून जोडी. मला वाटलं, धूळ जाऊ नये म्हणून असेल. त्यामागे काही यांत्रिक कारण असणार, आणि ते पुस्तकात पुढे कुठेतरी येईल, अशी माझी समजूत होती. वाचणाऱ्या माणसाची ही एक खोड असते.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा बोट पुन्हा पाण्यात उतरवली. घाटाच्या पायरीवर वहिनी येऊन बसली होती. त्या दिवशी तिला बरं होतं. मेजर दांड्यापाशी, दस्तगीर इंजिनापाशी, मी पुस्तकासह. बोट गेली, वळली, घाटाकडे आली. मेजरने दांडा ओढून मधोमध उभा केला आणि बोट तशीच येत राहिली. त्याने दांडा हलवला. आणखी ओढला. बोटीने शेवटची पायरी सोडून बाजूच्या गाळात नाक खुपसलं आणि मगच थांबली. पंखा मागे चिखल ढवळतच होता. दस्तगीरने इंजिनाचा कान दाबला.

वहिनी पायरीवरून म्हणाली, “भावजी, चालायचं सोडा वो. काय बी चालतंय. ती थांबती का न्हाई तेवडं बघा.”

“थांबंल की वैनी,” मेजर म्हणाला.

“कवा? सांगली गेल्याव?” ती उठली. “मी आपली काहिलीत जाती. ती सोताभवती फिरती, पर थांब म्हटलं की थांबती.”

ती थट्टेने म्हणाली, पण घरी जाताना दोन ठिकाणी बसून गेली. चालायला तिला आता बसावं लागत होतं. वर घाटमाथ्यावर पाऊस सुरू झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या होत्या.

पुढचे चार दिवस बोट घाटालाच बांधून, पायरीवरून शिडी लावून, दस्तगीरने तिन्ही तारा उलगडून परत बसवल्या. गिअरपाशी सगळं ठीक. तारेत ताण ठीक. तरी दांडा कधी न्यूट्रलला बसे, कधी बसल्यासारखा नुसता दिसे. पुस्तक म्हणत होतं, दांडा मध्यावर आला की हाताला ‘टक्’ असं जाणवलं पाहिजे. आमच्या दांड्याला टक् नव्हतं. पुस्तक पुढे असंही म्हणत होतं, की तसं नसल्यास खोक्याचं झाकण काढून आतली गोळी आणि खाच साफ करावी. मी हे वाचलं. दस्तगीरने ऐकलं, मान हलवली आणि पाना घेऊन परत खाली गिअरपाशी गेला.

हे मी तीनदा वाचलं. तीनदा तो खाली गेला.

चौथ्या वेळी वहिनी तिथे होती. घाटावर आली की ती आता बोटीकडे बघत बसायची, दवाखान्याच्या दारात बसावं तशी. ती म्हणाली, “मिस्त्री, भावजी सांगत्यात ते खोकं का उगडत न्हाईसा?”

दस्तगीरने पाना फडक्याला पुसला. पुसायचं काही नव्हतं, तरी पुसला. “वैनी, त्ये पूजेचं हाय. हळदी-कुंकू हाय त्यावर. तुमच्यातल्या कुनीतरी आदी देव हलवाय पायजे. मी कसा हात लावू?”

“मग सांगायचं न्हाई व्हय?”

“मला वाटलं अण्णा म्हनतील.”

मला वाटलं होतं, मिस्त्री उघडतील तेव्हा उघडतील. कारागिराच्या कामात आपण बोलू नये. मेजरकडे पाहिलं तर तो म्हणाला, “मी बी खोक्याला हात लावला न्हाई. सायबांनी हार घातलेला. काढला आन् कुनी इचारलं तर?”

वहिनीने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. “आवं, एवडी शानी मानसं तुमी, आन् तीन आटवडं एकमेकाला मान देत बसलासा? तुमच्या ह्या आदबीपायी माजा शुक्रवार जायचा की!”

ती स्वतः शिडी चढली. मेजरने हात दिला, तो तिने घेतला. देव हलवायला रीतीप्रमाणे अक्षता लागतात. तिने पदराच्या गाठीतून चिमूटभर तांदूळ सोडले, मग काय वाटलं कोण जाणे, परत बांधले. पदराचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं आणि खोकं पुसायला घेतलं. कुंकू सुटेना तेव्हा नखाने खरवडलं. “ऊट बाबा देवा,” ती पुसता पुसता म्हणाली, “लय दिस बसलास. आता मानसास्नी बसू दे.”

दोरा तोडून तिने नदीत टाकला आणि दस्तगीरला म्हणाली, “हं. आता ते निस्तं खोकं हाय.”

चार स्क्रू निघाले. झाकण वर आलं तसा हळदीचा एक दबलेला, आंबूस वास आला. आत दांड्याच्या दोन्ही बाजूंनी हळदीचा चिखल वाळून सिमेंटसारखा बसलेला. आणि त्यात तांदूळ. दस्तगीरने ते पोती शिवायच्या दाभणाने एकेक उचलून माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवले. सात होते. आठवा खाचेत होता, ज्या खाचेत गोळी बसून ‘टक्’ व्हायला हवं त्या खाचेत, लांबीला लांबी लावून, मापाने कापून बसवल्यासारखा.

दस्तगीरने तो बोटाच्या टोकावर घेऊन वहिनीला दाखवला. वहिनीने पदराची गाठ चाचपली.

“आन् मी अजून मूटभर टाकनार हुते,” ती म्हणाली, आणि शिडीचा कठडा धरून इतकी हसली की तिला धाप लागली आणि आम्हाला तिला खाली बसवावं लागलं.

पुस्तकाच्या त्या पानावर सात तांदळांचे पिवळे डाग अजून आहेत. वाचनालयाच्या नियमाप्रमाणे पुस्तक खराब करणाऱ्याकडून भरपाई घ्यायची असते. मी घेतली नाही.

श्रावणातल्या एका मंगळवारी पूल बुडाला. दस्तगीर आदल्या दिवशी आला होता. ओढा चढायच्या आत त्याला आष्ट्याला जाता आलं असतं. दोन मोटारी राहिल्यात म्हणाला आणि मेजरच्या घरी जेवून तिथेच झोपला. कोणाच्या मोटारी राहिल्या होत्या ते मी विचारलं नाही.

पाणी चहाच्या रंगाचं. मधूनच कडब्याची पेंढी, मुळासकट उपटलेला ऊस, एकदा एक बंद डबा, अगदी ऐटीत. मेजरने बोटीचं तोंड प्रवाहाकडे तिरकं धरलं होतं. भटारखान्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला हलत्या जमिनीवर पाय कसे रोवायचे ते बरोबर कळत होतं, हे मला त्या दिवशी दिसलं. दस्तगीर इंजिनाजवळ एक हात झाकणाखाली घालून बसला होता, गरज पडलीच तर कान दाबायला. वहिनीने फाईल प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरली होती. तिची नजर पाण्यावर नव्हती. दांड्यावर होती.

पलीकडे काठावर जीप उभी होती. खाली दगडी पायऱ्या, त्यावर उतरवून घ्यायला उभी असलेली चार माणसं, आणि त्यांच्या गुडघ्याला घासत जाणारा प्रवाह. वेगात गेलो तर दगडावर, आधीच थांबलो तर वाहत खाली. मेजरने शेवटच्या दहा-पंधरा हातांवर दांडा मागे घेतला.

टक्.

इंजिनाच्या आवाजात तो ऐकू येणं शक्य नव्हतं. मला आला. दस्तगीरने झाकणाखालचा हात बाहेर काढून लुंगीला पुसला, त्यावरून त्यालाही आला असावा. दांडा जरासा मागे गेला, पाणी मागे घुसळलं आणि बोट पायरीपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

“थांबली की,” वहिनी म्हणाली, आणि उतरली.

त्या बोटीबद्दल पुढे पुष्कळ भाषणं झाली. त्यांतलं एकही याहून मोठं नव्हतं, लांबीचा अपवाद सोडल्यास.

त्या पावसाळ्यात वहिनीचा एकही मंगळवार चुकला नाही, शुक्रवारही नाही. नंतर तिला आणखी चार पावसाळे मिळाले. ती गेली ती एका माघात, नदी खोल गेलेली, पूल कोरडा, गाडी वेळेवर सांगलीला पोचलेली. कशाचाच उशीर झाला नव्हता. मी पुष्कळ दिवस दोष द्यायला काहीतरी शोधत होतो. मिळालं नाही.

बोटीची पूजा मात्र दर अक्षय्य तृतीयेला होते. ती बंद करणं कोणाच्या हातात नाही. दुसऱ्याच वर्षी वहिनीने फर्मान काढलं होतं, “तांदूळ न्हाई. जुंधळं टाकायचं.” गुरवाने जरा कुरकुर केली. छायाचित्रकाराला चालत होतं, म्हणून चाललं. पिवळी केलेली ज्वारी फोटोत चांगली दिसते. पाच-सहा वर्षांत तिची प्रथा झाली आणि शेजारच्या दोन गावांनी ती उचलली. त्यांच्याकडे बोटी नाहीत, ते ट्रॅक्टरवर टाकतात. गेल्या वर्षी आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की नदीच्या पूजेला परमुलखाचा तांदूळ न वाहता याच मातीतली ज्वारी वाहायची, ही कृष्णाकाठची शतकानुशतकांची परंपरा आहे आणि तिच्यात आपल्या पूर्वजांची मृदेविषयीची कृतज्ञता दिसते. इंजिन बंद होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. भाषण मी लिहिलेलं नव्हतं. माझ्या शेजारी दस्तगीर उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या.

यंदा घाटावर जाऊन मी दांडा एकदा पुढे-मागे करून पाहिला. मग घरी येऊन रकान्यात ‘होय’ लिहिलं. बोट थांबते काय, असा रकाना तक्त्यात नाही.

खोक्याच्या झाकणाला दांड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक फट आहे. तिच्यातून तांदूळ आत जातो. ज्वारीचा दाणा जात नाही. दस्तगीरने घालून पाहिला आहे.